पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

अमेरिकेच्या राज्यघटनेत एक कलम आहे. फौजदारी खटल्यात आरोपीला वकिलाची मदत घेण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. हे कलम १७९१ सालचे. पण वकील म्हटला की पैसा आला. ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याने काय करायचे? हा प्रश्न फार वर्षे लोंबकळत राहिला. तो कसा सुटला, ती हकिगत आम्ही आज सांगतो.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तिथल्या पनामा सिटी या गावात क्लॅरन्स गिडियन राहत होता. वय पन्नास. शिक्षण आठवीपर्यंत. माणूस काही साधुसंत नव्हता बरं का. चोरीपायी त्याने पूर्वीही तुरुंग पाहिला होता. जून १९६१ मध्ये गावातला एक खेळाचा अड्डा फुटला. थोडी नाणी आणि दारूच्या बाटल्या गेल्या. एक जण म्हणाला, मी गिडियनला पहाटे तिथे पाहिले. झाले! पोलिसांनी त्याला धरले.

कोर्टात गिडियनने वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, तसे करता येत नाही. ज्या गुन्ह्याला मृत्यूची शिक्षा होऊ शकते, त्यातच या राज्याचा कायदा सरकारी खर्चाने वकील देतो. गिडियन म्हणाला, देशाचे सुप्रीम कोर्ट तर म्हणते की मला वकील मिळाला पाहिजे. खरे पाहता सुप्रीम कोर्टाने तसे म्हटलेच नव्हते. उलट १९४२ साली त्याने निकाल दिला होता की, राज्यांवर अशी सरसकट सक्ती नाही.

मग गिडियनने आपला खटला आपणच चालवला. साक्षीदाराला काय विचारावे, कुठे गप्प बसावे, हे शिकायला वर्षे लागतात. समोर शिकलेला सरकारी वकील, इकडे हा एकटा. पाच वर्षांची शिक्षा झाली.

जानेवारी १९६२ मध्ये त्याने तुरुंगातले रेघांचे कागद घेतले आणि पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. पण म्हणणे स्पष्ट होते. मला वकील दिला नाही, म्हणून मला न्याय मिळाला नाही. गरिबाला तिथे कोर्टाची फी माफ होते. अर्ज वाचला गेला. कोर्टाने त्याच्यासाठी एब फोर्टास हे नामांकित वकील नेमले.

आता मुद्दा नीट पाहू. १७९१ चे हक्क मुळात केंद्र सरकारला बांधत होते, राज्यांना नाही. १८६८ साली घटनेत आणखी एक कलम आले. योग्य न्यायप्रक्रियेवाचून कोणत्याही राज्याने कोणाचे प्राण, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता घेऊ नये, असे ते म्हणते. वकिलावाचून चाललेला खटला योग्य कसा, असा फोर्टास यांचा सवाल होता. वीसहून अधिक राज्यांनी गिडियनची बाजू उचलून धरली. आपल्याच हातांना बंधन घाला म्हणणारी सरकारे! आम्हांला याचे मोठे नवल वाटते.

१८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला. नऊही न्यायाधीशांचे एकमत झाले. राज्यांनी गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे, असे ठरले. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ साली त्यांनी हेच म्हटले होते, पण तेव्हा त्यांची बाजू अल्पमतात पडली होती.

गिडियन निर्दोष आहे, असे मात्र कोर्टाने म्हटले नाही. इथे पुष्कळांची गफलत होते. वकील देऊन खटला पुन्हा चालवा, एवढाच त्याचा अर्थ.

ऑगस्ट १९६३ मध्ये खटला पुन्हा उभा राहिला. न्यायाधीश तेच. या वेळी शेजारी फ्रेड टर्नर हे वकील होते. एक टॅक्सीवाला साक्षीला आला. त्या पहाटे गिडियन त्याला म्हणाला होता, मला नेल्याचे कोणाला सांगू नकोस. ऐकायला हे वाईटच. पण टर्नर यांनी पुढचा प्रश्न टाकला. असे तो पूर्वी कधी म्हणाला होता का? टॅक्सीवाला म्हणाला, तो तर दर खेपेला तसे म्हणतो. त्याचे बायकोशी पटत नाही ना! संशयातली हवाच गेली. पहिल्या खेपेला असे खोदून विचारणारे कोणी नव्हते.

निवाडा करायला गावातलीच सहा साधी माणसे पंच म्हणून बसली होती. त्यांना सुमारे तासभर लागला. गिडियन निर्दोष सुटला. तोवर त्याची दोन वर्षे तुरुंगात गेली होती. वकील न मिळता शिक्षा झालेले आणखी पुष्कळ कैदी फ्लोरिडात होते. त्यांनीही अर्ज लिहायला घेतले.