वृद्धांचे मन आणि परिचारिकेची शुश्रूषा

म्हातारपणी माणूस विसरभोळा, चिडका किंवा रडका व्हायचाच, असे आपण गृहीत धरून चालतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्यातूनच आली. परंतु शुश्रूषेच्या दृष्टीने हा समज घातक आहे. बरा होण्याजोगा आजार ‘वय झाले’ या दोन शब्दांखाली दडून राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीच्या पुढील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. तेव्हा हा प्रश्न घरोघरीचा आहे.

वॉर्डात नेहमी दिसणारे एक चित्र पाहू. खुब्याचे हाड मोडल्यामुळे एक आजी दाखल होतात. शस्त्रक्रिया नीट पार पडते. दुसऱ्या रात्री मात्र त्या बरळू लागतात, वारलेल्या बहिणीला हाका मारतात, सलाइनची सुई ओढून काढतात. सकाळी मुलगा म्हणतो, “सिस्टर, आईला म्हातारचळ लागला.” परंतु दोन दिवसांपूर्वी याच आजी नातवंडांची नावे बिनचूक सांगत होत्या. जी बुद्धी दोन दिवसांत हरवते, ती वयामुळे हरवत नाही. तिचे कारण शोधलेच पाहिजे.

तीन अवस्थांतील फरक

१. डिलिरियम (तीव्र संभ्रमावस्था) : ही काही तासांत किंवा दिवसांत सुरू होते. लक्ष टिकत नाही आणि रुग्णाची स्थिती दिवसभरात कमी-जास्त होत राहते. जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, शौचास न होणे, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, प्राणवायूची कमतरता, वेदना आणि नवीन औषधे ही त्याची नेहमीची कारणे होत. काही रुग्ण आरडाओरडा न करता गुंगीत गप्प पडून राहतात. ‘शांत आहेत’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि तेच अधिक धोक्याचे असते.

२. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) : हा बहुधा महिने-वर्षे हळूहळू वाढतो. अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे.

३. नैराश्य : हे आठवड्यांत किंवा महिन्यांत जाणवू लागते. वृद्ध माणूस ‘मन उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘अंग दुखते’, ‘झोप नाही’, ‘जेवण गोड लागत नाही’ अशा तक्रारी तो करतो. ‘आता माझा काय उपयोग’ हे वाक्य कानी पडले तर ते नोंदवून ठेवावे. थायरॉइडचे विकार व बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अशी लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

नैराश्याच्या चाचणीसाठी वृद्धांकरिता खास तयार केलेली १५ प्रश्नांची ‘हो-नाही’ स्वरूपाची प्रश्नावली वापरतात. पाचपेक्षा अधिक गुण आल्यास पुढील तपासणीसाठी डॉक्टरांना कळवावे. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे.

परिचारिकेने काय करावे?

प्रथम घरच्या माणसांना विचारावे, “हे कधीपासून? पूर्वी कसे होते?” डिलिरियम ओळखण्याची ही पहिली किल्ली आहे. रुग्णाचा चष्मा, कवळी व श्रवणयंत्र उशाशी असावे. दिवसा उजेड आणि रात्री शांतता राखावी. दिवस, वार, ठिकाण व आपले नाव पुन्हा पुन्हा सांगावे. पाणी, लघवी, शौच व वेदना यांची नोंद ठेवावी. हात बांधल्याने संभ्रम वाढतो, तर गुंगीच्या औषधाने पडण्याचा धोका वाढतो. म्हणून हे उपाय सहजासहजी योजू नयेत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी वाद घालू नये. सायंकाळी एखादे आजोबा उठून म्हणतील, “मिलचा भोंगा झाला, मला निघायला हवं.” अशा वेळी “मिल केव्हाच बंद पडली” असे म्हणून त्यांना दुखवू नये. “आजोबा, तुम्ही कुठल्या खात्यात होता?” असे विचारावे. बोलता बोलता त्यांचे मन स्थिरावते. जुन्या आठवणी काढू देणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

नैराश्याच्या रुग्णाला आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट पण मायेने विचारावे. “जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मन मोकळे होते. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णाला एकटे सोडू नये. साठवलेल्या गोळ्या व कीटकनाशके दूर ठेवावीत आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. टेली-मानस (१४४१६) ही मानसिक आरोग्याची शासकीय सेवा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे.

सेवा करणाऱ्या सुनेची, मुलीची किंवा पत्नीचीही विचारपूस करावी. तीच थकून आजारी पडली तर रुग्णाला आधार कोणाचा?

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ‘म्हातारचळ’ हा शब्द ऐकाल तेव्हा रुग्णाच्या कागदावर तो उतरवू नका. खुर्ची ओढून खाटेजवळ बसा, त्यांचे दोन शब्द ऐका आणि “कधीपासून?” हा एक प्रश्न विचारा. पुष्कळदा त्या एका प्रश्नानेच उपचाराची वाट सापडते.