एपीला बाहेरून बसताना

‘बाहेरून परीक्षेला बसणे’ हे आपल्याकडे जुनं आहे. वर्गात नाव नाही, फॉर्म भरायचा, अभ्यास घरी. अमेरिकेतल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपी परीक्षेलाही असं बसता येतं. आपल्यापैकी काहींची भावंडं तिकडच्या हायस्कुलात आहेत, म्हणून हा प्रश्न इथेही निघतो: स्वतः शिकून दिलेल्या एपीला कॉलेज काय किंमत देतं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. 1952 साली हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल आणि तीन खाजगी शाळांतल्या शिक्षकांनी मिळून एक अहवाल काढला. हुशार मुलं शाळेत शिकलेलंच कॉलेजच्या पहिल्या वर्षात पुन्हा शिकतात, ही त्यांची तक्रार. असल्या विचारातून ही परीक्षा उभी राहिली आणि 1955 मध्ये कॉलेज बोर्डाने ती हातात घेतली. म्हणजे मूळ हेतू प्रवेश मिळवून देण्याचा नव्हताच. आत आलेल्या मुलाला कुठल्या वर्गात बसवायचं, एवढाच होता. (‘प्लेसमेंट’ म्हटलं की आपल्याला नोकरी आठवते, ती गंमत वेगळी.)

प्रवेशाची फाईल वाचणारा आधी बघतो शाळेतले विषय, तिथले गुण, आणि त्या शाळेत शिकायला होतं तरी काय. बाहेरून दिलेला विषय गुणपत्रकावर ‘एपी’ म्हणून येत नाही; ते नाव बोर्डाने मंजूर केलेल्या अभ्यासक्रमालाच लावता येतं. अर्जात 1 ते 5 मधला आकडा तेवढा विद्यार्थी स्वतः भरतो. शाळेत विषयच नव्हता आणि मुलीने 5 मिळवले, तर त्याला वजन आहे. पण शाळेतला अवघड वर्ग टाळून सोपे समजले जाणारे चार विषय घरी उरकले, तर फाईल जड होते असं मला नाही वाटत.

प्रवेशानंतरचा हिशेब वेगळा. कित्येक सरकारी विद्यापीठं 3 गुणांनाही क्रेडिट देतात आणि फीचे पैसे वाचतात. डार्टमथने मात्र 2014 मध्ये आलेल्या तुकडीपासून एपीला क्रेडिट देणं थांबवलं. काही विषयांत वरच्या वर्गात बसवतात, एवढंच. तेव्हा त्या-त्या कॉलेजचा नियम आधी वाचायचा, पुस्तकं मग घ्यायची.

आता आपला विषय, इंग्रजी साहित्य. एका तासात 55 बहुपर्यायी प्रश्न, मग दोन तासांत तीन निबंध: एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर, एक स्वतः निवडलेल्या कलाकृतीवर. निबंधांना एकूण 55 टक्के वजन. प्रत्येक निबंध 6 गुणांचा, आणि त्यातले 4 पुरावा व भाष्याला. घरी अभ्यास करणारा अडतो तो इथेच. वाचन एकट्याने होतं हो, पण ‘ही ओळ दिलीस, तिने सिद्ध काय झालं?’ असं विचारणारं कुणी समोर नसतं. पाठ केलेली प्रतीकं आणि अलंकारांची नावं त्या 4 गुणांपर्यंत पोचवत नाहीत. बोर्ड जुने निबंधप्रश्न, गुण देण्याचे निकष आणि तपासलेली नमुना उत्तरं फुकट ठेवतं. आधी आपला निबंध घड्याळ लावून लिहावा, मग ती उत्तरं उघडावी. आणि महिन्यातून एखादा तरी निबंध शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावा.

परीक्षा मे महिन्यात असते, पण नावनोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकते. आपल्या शाळेत ती परीक्षा होत नसेल, तर बाहेरच्या मुलांना बसू देणारी दुसरी शाळा शोधावी लागते, आणि ती फोनाफोनी सप्टेंबरातच सुरू केलेली बरी.