फौज जेवते कुठे?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त काय चालतं, असं कुणी विचारलं तर 'अभ्यास' असं उत्तर द्यायची पद्धत आहे. खरं उत्तर 'एज ऑफ एम्पायर्स टू' हे आहे. १९९९ साली आलेला हा गेम आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठा. २०१९ मध्ये त्याची नवी 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली आणि आमच्या मजल्यावर तो पुन्हा सुरू झाला. मी तो फर्स्ट इयरपासून खेळते आहे. तीन वर्षांत माझी आवड बरीच बदलली, आणि ती बदलायला एक साधा प्रश्न कारणीभूत ठरला : या गेममधली फौज जेवते कुठे?

आधी हिशेब बघू. गेम सुरू होतो तेव्हा साधारणपणे आपल्याकडे तीन गावकरी, एक टेहळणीचा घोडेस्वार, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड असतात. एक गावकरी तयार करायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. घोड्यावरचा नाइट ६० अन्न आणि ७५ सोन्याला पडतो. तिरंदाज मात्र २५ लाकूड आणि ४५ सोन्यात मिळतो. म्हणजे हा गडी जन्माला येतानाही घासभर खात नाही! बाकीचेही एकदा बराकीबाहेर पडले की पुन्हा कधी जेवत नाहीत. जंगलाच्या कडेला शंभर घोडेस्वार दोन तास उभे करा. माणूस तसाच, घोडा तसाच. २००७ च्या 'एशियन डायनॅस्टीज' मध्ये (हा तिसऱ्या भागाचा विस्तार) तर भारतीयांचा गावकरी अन्नाऐवजी लाकूड देऊन मिळतो आणि गाई कापायच्या नसतात, त्या कुरणात ठेवून अनुभवाचे पॉइंट मिळवायचे असतात. कल्पना चांगली, पण लाकूड देऊन माणूस मिळतो हे आमच्या सुताराला सांगितलं तर तो पळून जाईल.

यात गेम बनवणाऱ्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. आपणही मेकॅनिक्सच्या प्रत्येक गणितात 'घर्षण दुर्लक्षणीय आहे असे माना' हे वाक्य मुकाट्याने मान्य करतोच ना? तसं इथे 'पोट दुर्लक्षणीय आहे असे माना'. त्यामुळे खेळाला वेग येतो. प्रश्न इतकाच की घर्षण काढून टाकल्यावर ब्रेक कसा चालतो हे त्या गणितातून कधीच शिकता येत नाही.

हे मला नीट कळलं ते 'एम्पायर : टोटल वॉर' खेळताना. २००९ सालचा हा गेम. त्यात मराठे घेऊन खेळता येतं, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येकजण एकदा तरी तो इन्स्टॉल करतो आणि पहिली लढाई 'हर हर महादेव' ओरडून सुरू करतो. (आमच्या वॉर्डन मॅडमना हे माहीत आहे.) गेमची मोहीम १७०० सालापासून सुरू होते. फौजेचा पगार प्रत्येक टर्नला तिजोरीतून आपोआप जातो, मग ती फौज साताऱ्यात असो की दिल्लीच्या वाटेवर. दाणागोटा, वैरण, बैल यांचं नाव नाही.

आता खरं १७०० साल आठवा. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले, एप्रिलमध्ये किल्ला मोगलांकडे गेला आणि ताराबाईंनी कारभार हातात घेतला. तरीही मराठे संपले नाहीत. का? मोगलांची छावणी म्हणजे एक चालतं शहर होतं आणि त्या शहराला रोज खायला लागायचं. धनाजी जाधवांसारखे सरदार समोरासमोर लढाई देण्यापेक्षा त्या छावणीकडे येणारं धान्य, जनावरं, खजिना यांच्यावर तुटून पडत. म्हणजे गनिमी काव्याचा अर्धा भाग हा शत्रूच्या स्वयंपाकघरावरचा हल्ला होता. ज्या गेममध्ये फौजेला भूकच लागत नाही, तिथे गनिमी कावा कसा खेळणार? मग मराठे घेऊनही आपण बंदूकवाल्यांची सरळ रांग लावतो आणि युरोपियन लढाई खेळतो. झेंडा भगवा, बाकी सगळं वॉटर्लू.

आमच्या शाळेत इतिहास इंग्रजीतून होता. 'फोरेज' हा शब्द मला स्पेलिंगसकट येत होता. 'वैरण' आणि 'रसद' हे शब्द मी या गेम्सच्या नादाने पानिपतवरची मराठी पुस्तकं चाळताना शिकले. आणि पानिपत वाचताना तर हाच प्रश्न उलटा होऊन समोर येतो. सदाशिवरावभाऊ ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीत शिरले. शहर मिळालं, पण पैसा नाही. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून फौजेचा पगार भागवावा लागला. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतलं तेव्हा धान्य हाती लागलं. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. रसदीची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर न लढणारे लोकही मोठ्या संख्येने होते, यात्रेकरू होते, बायकामुलं होती. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या लढाईचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्यात सरदार भाऊंकडे येऊन दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सांगतात. मग १४ जानेवारी १७६१. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी दुसऱ्याची रसद तोडून राज्य वाचवलं, त्यांचीच रसद या वेळी तुटलेली होती.

हे वाचल्यावर माझं मन नुसत्या मारामारीच्या गेम्सवरून उडालं आणि मी 'युरोपा युनिव्हर्सालिस फोर' कडे वळले. २०१३ चा, स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीचा गेम, १४४४ ते १८२१ एवढा काळ. दिसायला रटाळ, नकाशा आणि आकडे. पण त्यात प्रत्येक प्रांत ठराविक सैन्यच पोसू शकतो. त्याहून जास्त आणलंत तर दर महिन्याला फौज न लढताच झिजते. याला 'अ‍ॅट्रिशन' म्हणतात. मी बिदरचे बहामनी घेऊन खेळत होते. शत्रूची फौज माझ्या दुप्पट होती. मी लढले नाही. आपलेच सीमेवरचे प्रांत जाळायचं बटण गेममध्ये आहे, ते दाबलं आणि मागे सरकले. पुढचे कित्येक महिने शत्रू एका डोंगराळ किल्ल्याला वेढा देऊन बसला आणि त्याच्या फौजेवरचा आकडा उतरत गेला. शेवटी मी चाल केली तेव्हा लढाई दोन मिनिटांत संपली. रूममेट म्हणाली, "तू तर काहीच केलं नाहीस!" माझ्या मते मी खेळलेला सर्वांत थरारक गेम तोच. त्या जाळलेल्या प्रांतातल्या शेतकऱ्यांचं काय झालं, हे मात्र त्या बटणावर लिहिलेलं नव्हतं.

इतरांनीही हा विचार केलेला दिसतो. २०१९ च्या 'टोटल वॉर : थ्री किंग्डम्स' मध्ये शत्रूच्या मुलखात शिरलं की फौजेची शिधासामग्री कमी होत जाते. २०२५ मध्ये आलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस फाइव्ह' मध्ये लोकसंख्याही मोजतात आणि फौजेला अन्नही लागतं, पण तो चालेल असा लॅपटॉप आमच्या अख्ख्या विंगमध्ये नाही. बंजारे मात्र मला अजून कुठेच भेटलेले नाहीत. हजारो बैलांवर धान्य लादून मोगल, मराठे, सगळ्यांच्या छावण्या जगवणारे हे लोक. त्यांच्याशिवाय दख्खनची कुठलीही मोठी मोहीम उभी राहिली नसती.

म्हणून मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघींनी 'एज टू' च्या सिनॅरिओ एडिटरमध्ये छोटंसं पानिपत तयार केलं. थोडं स्क्रिप्टिंग केलं की दर मिनिटाला जेवढी माणसं तेवढं अन्न वजा करता येतं, आणि साठा शून्य झाला की सगळ्यांची ताकद घटवता येते. मराठ्यांच्या बाजूला ऐंशी सैनिक आणि साठ गावकरी ठेवले. शेत एकही नाही. गावकऱ्यांना सांभाळून दक्षिणेच्या टोकाला पोचायचं. वेळ होती रविवारची रात्र, म्हणजे मेस बंद, त्यामुळे खेळणाऱ्याही अर्धपोटी.

पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकीने तटबंदी बांधली, शाळेत शिकवल्यासारखी. पंधराव्या मिनिटाला कोपऱ्यातला अन्नाचा आकडा सगळ्यांना दिसायला लागला. या गेममध्ये आपल्याच माणसाला निवडून 'डिलीट' दाबलं की तो तिथल्या तिथे मरून पडतो. एरवी जागा मोकळी करायला आपण सगळेच ते सर्रास करतो. बाविसाव्या मिनिटाला आमच्यातल्या एकीने साठही गावकरी एकदम निवडले आणि बोट त्या बटणावर नेलं. मग कीबोर्ड पुढे सरकवला आणि म्हणाली, "हे तू दाब."

कुणीच दाबलं नाही. पुढच्या मिनिटाला सगळी फौज दक्षिणेकडे निघाली, गावकरी मध्ये घेऊन.