जुनी मोटार घेताय? मग पट्ट्याचे वय आधी विचारा



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या मोटारींची खरेदी सुरू होते. मुंबई-ठाण्याकडे नोकरीस असलेला भाऊ किंवा पुतण्या गाडी बघून ठेवतो आणि आपण पैसे घेऊन जातो. अशा गाडीतला एक रबरी पट्टा वेळेवर न बदलल्यास काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यात आमचीही चूक होती, म्हणून हा पाठ.

घडले ते असे

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका सभासदाबरोबर आम्ही नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला गेलो होतो. सिडकोने वसवलेले हे ठिकाण म्हणजे कचेऱ्यांचे गाव. कोकण भवन तेथे, सिडको भवन तेथे, कोकण रेल्वेचे मुख्य कार्यालयही तेथेच. गाडीचे मालक अशाच एका कचेरीतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. कामावर पायी जात, मुंबईला जायचे तर हार्बरची लोकल धरत. त्यांची डिझेल मोटार बाहेर निघे ती रविवारी. नऊ वर्षांत ४१ हजार किलोमीटर चाललेली. रंग चकचकीत, टायर उत्तम. सभासदाने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही म्हणालो, "आप्पा, एवढे कमी रीडिंग पुन्हा मिळायचे नाही. घेऊन टाका."

चार महिन्यांनी आप्पांच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन पुण्यास झाले. डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला घेऊन परत येताना खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी एकाएकी बंद पडली. स्टिअरिंग जड झाले, ब्रेकचा पायटा दगडासारखा घट्ट झाला आणि मागे भरलेला ट्रक. आप्पांच्या मुलाने उडी टाकून चाकाखाली दगड लावला, म्हणून निभावले. गॅरेजात इंजिन उघडले तेव्हा टायमिंग बेल्ट तुटलेला, व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर घाव. ठिबक संचासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या दुरुस्तीत गेले.

मालकाने फसवले नव्हते. ४१ हजार हा आकडा खरा होता. आम्हीच चुकीचा आकडा बघून सल्ला दिला.

हा पट्टा करतो काय?

पिठाच्या गिरणीचा पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो तुटला तर गिरणी थांबते, पट्टा जोडला की पुन्हा चालू. मोटारीतला टायमिंग बेल्ट तसा नव्हे. त्याला आतून दाते असतात. इंजिनचा खालचा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि वरचा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, या दोहोंना तो बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायलाच पाहिजे. त्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडतात व मिटतात आणि पिस्टन वर येण्याच्या आत वाट मोकळी होते.

पट्टा तुटला की वरचा दांडा जागीच थांबतो, पण खालचा अजून फिरतच असतो. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा असते, तेथे इंजिन नुसते बंद पडते. डिझेल इंजिनात दाब जास्त लागत असल्यामुळे ही जागा फारच थोडी ठेवलेली असते. तेथे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनचे हेड उतरवावे लागते.

पट्ट्याचे वय कसे मोजावे?

ऊस केव्हा तोडावा, हे आपण उंचीवरून ठरवत नाही. कारखान्याकडे लागणीच्या तारखेची नोंद असते आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा क्रमाने तोडणी लागते. मोटारीच्या पट्ट्याचेही तसेच. किलोमीटर ही त्याची उंची झाली. लागणीची तारीख वेगळी पाहावी लागते.

गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकात पट्टा बदलण्याची मुदत दिलेली असते. ती गाडीगणिक वेगळी असते. पुष्कळ गाड्यांत ती ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान आढळते. पण किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा असते, आणि दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळावयाची असते. याचे कारण असे की रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. इंजिनची उष्णता आणि गळणारे तेल यांनी ते कडक होते, भेगाळते, दात्यांच्या मुळाशी सुटू लागते.

शहरातल्या गाडीची आणखी एक गोष्ट. सायन-पनवेल रस्त्यावर कोंडीत गाडी तासभर उभी राहिली तर किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन आणि पट्टा तासभर फिरलेलाच असतो. म्हणून शहरातले ५० हजार आणि मोकळ्या रस्त्यावरचे ५० हजार सारखे धरू नयेत.

पट्टा कोणत्या गाडीत, साखळी कोणत्या गाडीत?

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळच्या अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीत हे काम साखळी करीत असे. ट्रॅक्टरच्या इंजिनात बहुधा गिअर असतात. रबरी दाते असलेला पट्टा मोटारीत आला तो १९६२ च्या सुमारास, जर्मनीतील ग्लास कंपनीच्या गाडीतून. हलका, आवाज कमी, तेल लागत नाही, म्हणून तो पसरला. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने तो घरोघर पोचवला. ओम्नी, ८०० सीसीची अल्टो, जुनी सँट्रो, डिझेलची पहिली इंडिका, २.५ लिटर डिझेलची इनोव्हा, १.५ लिटर डिझेलची डस्टर व व्हेरिटो या गाड्यांत पट्टाच आहे. १.३ लिटर डिझेलच्या स्विफ्टमध्ये मात्र साखळी आहे. साखळीला ठरावीक मुदत नसते, पण इंजिन ऑईल वेळेवर बदलले नाही तर तीही सैल होते.

एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे इंजिन बसवलेले असू शकते. तेव्हा नावावर जाऊ नये, इंजिन कोणते ते विचारावे.

गाडी घेताना विचारावयाच्या गोष्टी

१. आर.सी. वरील उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे. तीच पट्ट्याची लागणीची तारीख धरावी, जोपर्यंत बदलल्याचा पुरावा मिळत नाही.

२. "मागेच बदललाय" हे तोंडी बोलणे पुरावा नव्हे. बिल मागावे. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर आणि टायमिंग बेल्टचा उल्लेख असावयास पाहिजे.

३. बिल हरवले असेल तर मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे. तेथे केलेल्या कामांची नोंद गाडीच्या नंबरावर निघू शकते.

४. मिस्त्रीकडून वरचे झाकण काढून पट्टा बघून घ्यावा. भेगा, झिजलेले दाते, तेलाचा ओलावा दिसला तर पट्टा बाद. मात्र पट्टा वरून चांगला दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. जुना पट्टा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो.

५. पुरावा नाही, तर पट्टा जुनाच समजावा. त्याचा खर्च व्यवहारातच धरून किंमत ठरवावी आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी पट्टा बदलावा. बेलापूरहून गावाकडे येताना पहिलाच घाट खंडाळ्याचा लागतो, हे विसरू नये.

पट्टा बदलताना

१. नुसता पट्टा बदलू नये. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि बाजूची बेअरिंगची चाकेही बदलावीत. ती अडकली तर नवा पट्टाही तुटतो.

२. पुष्कळ इंजिनांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो. तसे असेल तर तोही त्याच वेळी बदलावा. मजुरी एकदाच पडते.

३. क्रँक किंवा कॅमचे सील गळत असेल तर आधी ते बदलावे. तेल रबराला खाते.

४. खुणा जुळवल्यावर मिस्त्रीने इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात, मगच चावी लावावी. एक दाता चुकला तरी काम बिघडते.

५. तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी आणि बिल आर.सी. बरोबर ठेवावे. पुढे गाडी विकताना तेच कामी येते.

वाटेत तुटला तर

चालती गाडी अचानक बंद पडली आणि चावी फिरवल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरू लागला, तर पट्ट्याचा संशय घ्यावा. पुन्हापुन्हा चावी मारू नये आणि धक्का तर मुळीच देऊ नये. प्रत्येक फेऱ्यात व्हॉल्व्हला मार बसतो. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकची ताकद एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक सारखा पंप न करता एकदाच घट्ट दाबावा, हँडब्रेक ओढावा, चाकाखाली दगड लावावा आणि आधी माणसे उतरवावीत.

सभासद बंधूंनो, हंगाम संपला की आपला कारखाना मिलचे भाग उघडतो आणि झिजलेले भाग मोडण्याची वाट न पाहता बदलतो. ऐन गाळपात मिल थांबली तर काय होते, हे आपण जाणता. घरच्या मोटारीलाही तोच नियम लावावा. काही हजारांच्या पट्ट्यासाठी इंजिन पणाला लावू नये, आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसांना तर नाहीच.

आप्पांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. मात्र आता कुणी गाडी बघायला बरोबर नेले तर आम्ही रीडिंगआधी आर.सी. मागतो.

कळावे.