लसावि आणि गिअरचे दाते

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझ्यासाठी हा कायम एलसीएमच. 'लसावि' हे नाव हॉस्टेलवरच्या मैत्रिणींकडून कळलं. ऐकायला अगदी कुणाचं तरी आडनाव! पूर्ण नाव लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या.

शाळेतलं हे प्रकरण इथे कशाला? सांगते.

ओळीने एकमेकांत अडकलेले तीन गिअर घ्या. दाते २४, ३६ आणि ४०. प्रत्येकावर खडूने एक खूण करा आणि फिरवा. एक गिअर एक दात सरकला की बाकीचेही एकेक दातच सरकतात. मग तिन्ही खुणा एकदम मूळ जागी कधी येतील? लसावि जितका, तितके दाते सरकल्यावर.

दोन संख्यांसाठी सूत्र सोपं आहे : गुणाकार भागिले मसावि. तेच इथे लावलं तर ३४५६० भागिले ४, म्हणजे ८६४०. उत्तर साफ चूक! कारण २४ आणि ३६ मध्ये १२ सामाईक आहे, २४ आणि ४० मध्ये ८, पण तिघांत मिळून फक्त ४. एकदाच ४ ने भागून सगळी पुनरुक्ती जात नाही.

म्हणून दोन-दोन संख्या घ्यायच्या. २४ आणि ३६ चा मसावि १२, लसावि ७२. आता ७२ आणि ४०. ७२ ला ४० ने भागा, बाकी ३२. ४० ला ३२ ने, बाकी ८. ३२ ला ८ ने, बाकी शून्य. मसावि ८. आता ७२ भागिले ८ गुणिले ४०, म्हणजे ३६०. गिअरचे फेरे होतात १५, १० आणि ९. पडताळून बघा.

प्रोग्राम लिहिताना आधी भागा, मग गुणा. १ ते २० चा लसावि २३,२७,९२,५६० आहे. तो ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये आरामात बसतो. पण सगळ्यांचा गुणाकार करत बसलात तर तो मावतच नाही.

आणि डिझाइन करताना? २० आणि ४० दात्यांच्या जोडीचा लसावि ४०. त्यामुळे तेच दाते पुन्हा पुन्हा एकमेकांवर घासतात. ४० ऐवजी ४१ घेतले की लसावि ८२०. प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. एका जादा दाताची ही कमाल!