घरच्या स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर निवडताना

सोलापुरात गाण्याच्या कामाला तोटा नाही. लग्नाची गाणी, नात, भजन, पोवाडे, निवडणुकीची प्रचारगीते. शिवाय मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नड बोलणारे गिऱ्हाईक एकाच शहरात. त्यामुळे होतकरू तरुणांना घरच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करता येण्यासारखा आहे. मात्र सॉफ्टवेअर घेताना कोणी ऐपतीबाहेर खर्च करतो, तर कोणी चोरटी प्रत वापरतो. दोन्ही गोष्टी धंद्याला मारक आहेत.

गरज ओळखा

गायकाचा आवाज, ढोलकी, पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन त्यांचा मेळ घालणे म्हणजे मिक्सिंग. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये तीन सोयी हव्यात: अनेक ट्रॅक, गाणे चालू असताना आवाजावर करता येणारे संस्कार आणि मूळ ध्वनिमुद्रण न बिघडवता दुरुस्ती.

फुकट की विकत?

'ऑडॅसिटी' पूर्णपणे मोफत आहे. आवाज घेणे, कापणे, साफ करणे यासाठी ते उत्तम. गाणे चालू असताना संस्कार करण्याची सोय त्यात २०२२ साली आली. मॅक संगणकावर 'गॅरेजबँड' विनामूल्य मिळते.

नियमित मिक्सिंग करायचे असेल तर 'रीपर' परवडते. ते ६० दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते. लहान व्यावसायिकासाठी परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास आहे. वर्षाची एकूण मिळकत २०,००० डॉलरच्या आत असेल तर हाच परवाना धंद्यालाही चालतो. पन्नास गाणी केली तर गाण्यामागे खर्च शंभर रुपयांच्या जवळपास पडतो.

चोरटी प्रत महागात पडते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तरच न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस आला तर गिऱ्हाइकाचे काम बुडते.

संगणक तपासा

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते. पाच मिनिटांचे, बारा ट्रॅकचे गाणे ५०० एमबीच्या वर जाते. म्हणून प्रत्येक कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. वीज अचानक गेली तर काम वाया जाऊ नये यासाठी यूपीएस हवाच.

उरलेले पैसे कुठे घालावे?

चांगला मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस आणि खोली यांवर. भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगलेल्या जाड सोलापुरी चादरी खोलीतला घुमारा कमी करतात. शेजारच्या यंत्रमागाची खडखड मात्र त्या अडवत नाहीत आणि ती गाण्यात शिरली तर कोणतेही सॉफ्टवेअर ती पूर्णपणे काढू शकत नाही. त्यासाठी माग बंद असतानाची वेळ साधावी.

म्हणून आधी मोफत साधनावर दोन-तीन गाणी पूर्ण करावीत. काम कुठे अडते ते वहीत लिहून ठेवावे आणि ती अडचण ज्याने सुटेल तेच सॉफ्टवेअर विकत घ्यावे. गिऱ्हाईक पैसे देते ते गाणे ऐकून, सॉफ्टवेअरची किंमत विचारून नव्हे.