हिरवे पाणी, काळा गाळ : उजनीकाठच्या शेतकऱ्यांसाठी उन्हाळी सल्ला

फेब्रुवारी सरला की उजनीच्या फुगवट्यावर मोटारी पुढे सरकवण्याची घाई सुरू होते. पाणी मागे हटते तसे पाईप वाढतात, केबल लांबते, चाऱ्या खोदल्या जातात. कमी पावसाच्या वर्षी धरण ‘मायनस’मध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपतो. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. म्हणजे मायनसमध्येही पाणी असते. पण काठावर मोटारीच्या वाट्याला येते ते गाळाला टेकलेले पाणी. शिवाय याच दिवसांत काठावरचा उघडा पडलेला गाळ ट्रॉल्या भरून शेतात जातो आणि जलपर्णीचे ढीग कंपोस्टच्या खड्ड्यात पडतात. या तिन्ही कामांत खबरदारी लागते ती धातूंमुळे.

पाण्यात काय घडते?

मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत थांबते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे शेवाळ व जलपर्णीचे आयते खत. प्लेटिंग, रंगकाम, बॅटऱ्या आणि भंगार यांतून कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल हे जड धातूही अशाच पाण्यातून वाहत येतात.

शेवाळ उन्हात पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू ९ च्या आसपास चढू शकतो. अशा पाण्यात धातू विरघळलेले राहत नाहीत. काही साका होऊन तळाशी जातात, काही शेवाळाच्या पेशींना चिकटतात. शेवाळ मेले की तेही तळाशी बसते. म्हणून वरच्या पाण्याच्या तपासणीत धातू कमी दिसले, तरी ते धरणातून गेलेले नसतात. गाळात साठलेले असतात.

तळाशी शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो. गाळातील लोह-मँगनीजचे थर विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेला स्फुरद व काही धातू पुन्हा पाण्यात सुटतात. त्यातले काही धातू गंधकाशी बांधले जाऊन काळ्या चिखलात राहतात. हा चिखल बाहेर काढून पसरला, त्याला हवा लागली, की ते बंध तुटू लागतात आणि धातू पिकाच्या मुळांना उपलब्ध होतात.

गाळ आणण्यापूर्वी

हलक्या, मुरमाड जमिनीत गाळ टाकणे फायद्याचे असते, यात शंका नाही. गावतळ्याचा गाळ आणि शहरांच्या खालच्या नदीचा गाळ मात्र एका मापाने मोजू नये. फावड्याचा एक घाव घालून पाहावे. वरचा करडा थर निघून खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारख्या वासाचा चिखल लागला, तर तिथे सेंद्रिय कचरा प्राणवायूविना कुजतो आहे असे समजावे. तो गाळ तपासल्याशिवाय उचलू नये. वास नाही म्हणजे धातू नाहीत, असेही धरू नये. धातूंचा निकाल फक्त प्रयोगशाळा देते.

● नाल्याच्या किंवा ओढ्याच्या तोंडाशी साठलेला गाळ टाळावा.
● पाच-सहा ठिकाणचे नमुने एकत्र करून त्यातील अर्धा किलो तपासणीस द्यावा.
● मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यात जस्त आणि तांबे आहेत. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल नाहीत. म्हणून अर्जावर ‘जड धातू’ असे स्वतंत्र लिहून द्यावे.

जमिनीत एकदा गेलेला धातू पावसाने धुऊन जात नाही आणि कुजून संपतही नाही. नंतरच्या उपायांपेक्षा ट्रॉली भरण्याआधीची तपासणी स्वस्त पडते.

जलपर्णीचे कंपोस्ट

जलपर्णी पाण्यातील धातू शोषते आणि त्यांचा मोठा भाग मुळांत साठवते. काळ्या, झुपकेदार मुळांना गाळही चिकटलेला असतो. कंपोस्ट करायचेच असेल, तर मुळे कापून वेगळी काढावीत आणि फक्त पाने-देठ वापरावेत. मुळांचा ढीग बांधावर किंवा विहिरीजवळ टाकू नये. कुजताना वजन घटते, धातू तेवढेच राहतात. त्यामुळे तयार खतात त्यांचे प्रमाण उलट वाढते. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी प्रतिकिलो कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५० आणि निकेल ५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. जलपर्णीच्या खताचा अहवाल याच आकड्यांशी ताडून पाहावा.

मोटार आणि ठिबक

● फुटव्हॉल्व्ह तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाखाली साधारण एक मीटर आणि गाळापासून तितकाच वर ठेवावा. वर शेवाळाची साय येते, खाली गाळ ओढला जातो.
● वारा शेवाळ ज्या काठाला लोटतो, त्या काठावरून पाणी उचलणे टाळावे.
● शेवाळाच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. आधी सँड फिल्टर, मग जाळी किंवा डिस्क असावी. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.५ किलोपेक्षा जास्त फरक दिसला की बॅकवॉश करावा.
● आठवड्यातून एकदा लॅटरलची टोके उघडून हिरवट-काळे पाणी जाऊ द्यावे.
● क्लोरीन प्रक्रिया करताना लॅटरलच्या शेवटी १० ते २० पीपीएम क्लोरीन मिळेल असे पाहावे. सामू ७.५ च्या वर असेल तर क्लोरीनचा परिणाम घटतो. ब्लिचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, विषारी वायू होतो. खत सोडतानाही क्लोरीन देऊ नये.

शेततळ्यातील शेवाळ मारण्यासाठी सर्रास मोरचूद टाकले जाते. मोरचूद म्हणजे तांबेच, तोही जड धातू. वारंवार टाकल्यास तळाच्या गाळात तांबे साठत जाते. मासे असलेल्या तळ्यात ते टाकू नये. तळ्यावर सावलीची जाळी किंवा आच्छादन करणे अधिक टिकाऊ.

खताचा हिशेब

उजनीच्या पाण्यात नत्र असते, ते खतातून वजा करावे. पाण्यात प्रतिलिटर १० मिलिग्रॅम नत्र असेल, तर एकरी ३ लाख लिटरच्या एका पाळीतून ३ किलो नत्र जाते. उसाला दहा पाळ्या दिल्या, तर ३० किलो झाले. ते न मोजता पूर्ण मात्रा दिली, तर ऊस लोळतो आणि उतारा घटतो. केळी आणि डाळिंबात नुसती शाकीय वाढ होते. वाचलेले खत पुन्हा धरणात न गेल्याने शेवाळाचेही खाद्य तेवढे कमी होते.

पिके आणि जनावरे

आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू ८ च्या आसपास असल्याने शिसे आणि क्रोमियम मातीत घट्ट राहतात. कॅडमियम त्यामानाने सुटे असते. क्षारयुक्त पाण्याने ते आणखी सुटते. पालक, मेथी, चुका, मुळा यांत ते अधिक उतरते. संशयास्पद पाण्यावर किंवा गाळ टाकलेल्या रानात या भाज्या घेऊ नयेत. ऊस किंवा कापूस घ्यावा. शेणखताचा भरपूर वापर करावा आणि जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट द्यावे. जस्त कमी असलेल्या जमिनीत पीक कॅडमियम जास्त उचलते.

पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली, तर त्यात मायक्रोसिस्टिस हे निळे-हिरवे शेवाळ असू शकते. त्याचे विष यकृतावर आघात करते आणि पाणी उकळल्याने जात नाही. अशा काठावर जनावरे पाण्याला नेऊ नयेत. हे पाणी तुषार सिंचनाने पालेभाजीवर मारू नये. विष पानांवर राहते.

पाणी परीक्षण

धातूंसाठी नमुना नव्या प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यावा. प्रयोगशाळेकडून आम्लाचे थेंब घातलेली बाटली मिळाली तर ती विसळू नये. नमुना काठाचा नको, मोटारीच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याचा हवा. जागतिक अन्न व कृषी संघटनेने सिंचनासाठी सुचवलेल्या मर्यादा प्रतिलिटर अशा आहेत : कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, निकेल ०.२ आणि तांबे ०.२ मिलिग्रॅम. एक तपासणी मार्चमध्ये आणि दुसरी मेअखेर, पाणी सर्वांत खाली असताना करावी. खर्च चार-पाच शेजाऱ्यांनी वाटून घ्यावा, कारण पाणी एकच असते.

मृगाच्या पावसात नदीला पहिला लोंढा येतो. उन्हाळाभर नाल्यांत साचलेली घाण तो एकदम खाली आणतो. ते पाणी शेततळ्यात भरू नये आणि दोन-चार दिवस मोटारी बंद ठेवाव्यात. लोंढा ओसरून पाणी निवळले की मगच पाळी सुरू करावी.